राखून ठेवलेली साक्ष

कोर्टकचेरीच्या कादंबऱ्यांची मला किळस येते. माझ्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, कारण बरीच वर्षं माझ्या घरची चूल त्यांच्यावरच पेटते. मी मुद्रितशोधक आहे. नागपुरातल्या एका प्रकाशकासाठी घरी बसून छपाईआधीची पानं तपासते, आणि या प्रकाशकाचं निम्मं दुकान खुनाचे खटले, फितूर साक्षीदार आणि मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढायला निघालेले मंत्री यांच्यावर चालतं. वेलांट्या दुरुस्त करता करता मी किती निरपराध माणसं फासावरून उतरवली आणि किती सरकारं पाडली, त्याची मोजदाद नाही.

या पुस्तकांत न्यायाधीश हातोडा आपटतात. आपल्याकडच्या कोर्टात न्यायाधीशासमोर हातोडा नसतो, हे मी पूर्वी समासात लिहून कळवायची. एका लेखकानं फोन करून मला समजावलं की हातोडा काढला तर वाचकाला कोर्टात बसल्यासारखं वाटत नाही. तेव्हापासून मी हातोड्याचा नाद सोडला. वकील गाऊन सावरत फेऱ्या मारतो, आरोपीच्या डोळ्यांत डोळे घालतो, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी साधासुधा माणूस साक्षीला उभा राहून असं एक वाक्य बोलतो, की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. प्रत्येक पुस्तकात ही टाचणी असते. राजकारणाच्या कादंबरीत ती सभागृहात पडते, एवढाच फरक.

लोक हे का वाचतात ते मला कळत नाही असं नाही. खून, कट, पैसा हे सगळं वरवरचं. खरी ओढ त्या शांततेची आहे. आपण खरं बोलतो तेव्हा समोरचा मोबाइल बघत असतो, नाहीतर आपलं वाक्य मध्येच तोडून स्वतःचं सुरू करतो. पुस्तकात मात्र शाळेच्या शिपायानं तोंड उघडलं तरी मंत्री गप्प होतात. हे वाचताना माणसाला गोड वाटतं. मलाही वाटायचं. आता त्या गोडव्यानं मळमळतं, आणि याचं कारण माझा मामा आहे.

मामा उमरेडच्या विणकर घरातला. आजोबांबरोबर घरातला हातमाग गेला. मामा सूतगिरणीत लागला, ती बंद पडली, मग नागपुरातल्या एका शाळेत शिपाई झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. मामी गेल्यापासून तो एकटा राहतो. दर रविवारी माझ्याकडे येतो, जेवतो, आणि तपासून झालेल्या पानांचा गठ्ठा पिशवीत घालून घेऊन जातो. मी ती रद्दीतच टाकणार असते, तेव्हा माझं काही जात नव्हतं. त्याला कोर्टाची आणि राजकारणाचीच पुस्तकं लागत. प्रेमाची एखादी कादंबरी दिली तर पुढच्या रविवारी परत आणायचा आणि म्हणायचा, यात काही होऊनच नाही राहिलं.

त्याची एकुलती मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, पूर्व नागपुरात सासरच्या घरी राहायची. नवरा तापानं अचानक गेला. घर सासऱ्यांनी बांधलेलं, आणि मागच्या दोन खोल्या या नवराबायकोच्या. तिथं तिचं शिवणकाम चालायचं. ब्लाउज, शाळेचे गणवेश, साड्यांना फॉल. तिच्या लेकीची शाळा त्याच गल्लीच्या टोकाला होती. नवऱ्याची तेरवी होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, खोल्या रिकाम्या कर म्हणून सांगितलं. त्याचं म्हणणं असं की सासरे वारल्यावर दोघा भावांची तोंडी वाटणी झाली होती, धाकट्यानं आपला वाटा दागिन्यांत घेतला आणि घरावरचा हक्क सोडला. मामेबहिणीनं असे दागिने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तिनं दावा लावला. या दोन खोल्या गेल्या तर तिचं राहणं, शिवणकाम आणि गिऱ्हाइकं सगळंच जाणार होतं.

भासऱ्यानं कोर्टात कैफियत दिली, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर. त्यात वाटणीचा दिवस होता अक्षय्य तृतीयेचा, आणि वाटणीला हजर असलेल्या पंचाचं नाव होतं. पंच म्हणजे सासरकडचाच एक लांबचा नातेवाईक. आमच्या वकीलबाई साध्या, कमी बोलणाऱ्या, सतत सर्दी झालेल्या. त्यांनी आम्हाला बसवून ती कैफियत मोठ्यानं वाचून दाखवली. मामेबहिणीचा चेहरा उतरत गेला. मामाचा मात्र उजळला. पंचाचं नाव आलं तेव्हा तो खुर्चीत सरळ झाला, आणि मला तेव्हा वाटलं की बिचाऱ्याला नीट ऐकू येत नसावं.

मामाला काय आठवलं होतं ते मला नंतर कळलं, पण वाचणाऱ्याला मी ताटकळत ठेवणार नाही. ते काम ज्यांचं आहे ते करतात. त्या अक्षय्य तृतीयेला सावनेरला एक लग्न होतं. मामा त्या लग्नाला गेला होता, आणि हा पंचही तिथंच होता. दोघं वऱ्हाडाच्या एकाच गाडीतून गेले होते, एकाच पंगतीला बसले होते आणि वऱ्हाडाबरोबर रात्री उशिरा नागपूरला परतले होते. म्हणजे पंचानं ज्या दिवशी नागपुरात बसून भावाभावांत वाटणी केली, त्या दिवशी तो दिवसभर सावनेरला मठ्ठा पीत होता.

एवढी गोष्ट कळल्यावर कुणीही शहाणा माणूस तिथल्या तिथं सांगेल. मामानं सांगितली नाही. वकीलबाईंनी त्याला साक्षीदार करायचं ठरवलं. जावई शेवटपर्यंत त्या खोल्यांत राहत होता, वाटणीचा विषय घरात कधी निघाला नव्हता, एवढं त्यानं सांगायचं होतं. साक्षीदाराचं मुख्य म्हणणं आता शपथपत्रावर आधीच लिहून द्यावं लागतं, कोर्टात उभं राहून ते बोलायचं नसतं. बाईंनी शपथपत्र लिहून घेताना त्याला दोनदोनदा विचारलं, काका, अजून काही आठवतं का, बारीकसारीकही चालेल. मामा नाही म्हणाला. शेजारी त्याची मुलगी बसली होती, तिच्यासमोर नाही म्हणाला.

पुढच्या रविवारी माझ्याकडे जेवताना तो खुशीत होता. मी म्हटलं, मामा, कोर्टात जायचं तर लोकांची झोप उडते, तुझं काय चाललंय. तो हसला.

"तू फक्त पाहत राहजो वं," तो म्हणाला. "त्या वकिलाले मले प्रश्न तं विचारू दे."

त्याच्या साक्षीची तारीख हिवाळी अधिवेशनात आली. सिताबर्डीकडचे रस्ते मोर्चांमुळे बंद, जागोजागी कठडे, आमची सिटी बस भलत्याच बाजूनं वळवलेली. दिवे लावलेल्या गाड्यांचा ताफा जाईपर्यंत आम्ही चौकात अडकून पडलो. मामेबहीण पर्स छातीशी धरून बसली होती आणि पुन्हापुन्हा मोबाइलवर वेळ बघत होती. मामा खिडकीतून त्या काळ्या काचांकडे डोळे लावून बसला होता. आतमधी काय शिजून राहिलं असन, असं तो स्वतःशीच म्हणाला. मला त्या ताफ्याची शिसारी आली आणि त्याहून जास्त मामाच्या चेहऱ्यावरच्या कौतुकाची.

कोर्टाच्या जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्या होत्या. जुन्या, वाळलेल्या, आणि त्यांच्यावर ताज्या. भिंतीवर देवांच्या फरशा लावून ठेवल्या होत्या, लोक देवांना चुकवून शेजारी थुंकले होते. आमच्या पुस्तकांत हा जिना कधी येत नाही. वरच्या मजल्यावर लोक भिंतीला पाठ लावून बसले होते, मधूनच शिपाई दारात येऊन नावांचा पुकारा करी आणि कुणीतरी डबा अर्धवट झाकून पळे. आमचा पुकारा जेवणाच्या सुट्टीनंतर झाला.

खोली लहान होती. पंखा कुरकुरत होता. एका बाजूला दोन वकील पुढच्या तारखेवरून हळू आवाजात घासाघीस करत होते, मागे कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यानं तो बंद न करता बाहेर जाऊन घेतला. मामा कठड्यात उभा राहिला. धुतलेला पांढरा सदरा, दाढी केलेली, केस चापून बसवलेले. शपथ त्यानं अशी घेतली की शपथ देणाऱ्या शिपायानं दचकून वर पाहिलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. साक्षीदार जे बोलतो ते सगळं काही कागदावर येत नाही. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या उत्तराचं एक नेटकं वाक्य करून बाजूला बसलेल्या टंकलेखकाला सांगतात आणि तो ते टाइप करतो. निकाल लागतो तो या वाक्यांवर. ज्याचं वाक्य झालं नाही ते बोललंच गेलं नाही असं समजायचं. हे मला ठाऊक होतं आणि वकीलबाईंना तर होतंच. मामाला ठाऊक नव्हतं, कारण त्यानं वाचलेल्या एकाही पुस्तकात टंकलेखक नव्हता.

भासऱ्याचा वकील उठला. तरुण, अंगानं बारीक, कंटाळलेला. त्यानं फेऱ्या मारल्या नाहीत. फायलीतून मान न काढता विचारलं, वादी तुमची मुलगी आहे ना. आहे. तुम्ही वेगळे राहता. हो. मग त्यानं विचारलं, वाटणी झाली त्या अक्षय्य तृतीयेला तुम्ही त्या घरी हजर नव्हता.

मामाला हवा होता तो प्रश्न हाच. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"नाही," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो."

आणि तो थांबला.

त्या थांबण्याची मला आजही लाज वाटते आणि चीड येते. त्यानं मान वळवली, आधी भासऱ्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या पंचाकडे, मग आपल्या मुलीकडे. ओठांच्या कडेला हसू होतं. सगळ्या खोलीनं आता श्वास रोखून धरावा, पंखादेखील थांबावा, आणि मग आपण पुढचं वाक्य टाकावं, यासाठी तो थांबला होता. असे शेकडो थांबे त्यानं माझ्या रद्दीत वाचले होते. मला कळलं की हा काहीतरी राखून बसलेला आहे.

पण न्यायाधीशांच्या लेखी उत्तर संपलं होतं. समोर फायलींचा ढीग, बाहेर लोकांची रांग. त्यांनी टंकलेखकाकडे वळून सांगितलं, वाटणीच्या वेळी मी घरी हजर नव्हतो. कळफलक खडखडला. वकील म्हणाला, आणखी प्रश्न नाहीत, साहेब, आणि खाली बसला.

मामानं बोट वर केलं आणि बोलायला सुरुवात केली. तो पंच बी तिथं नव्हता, आमी दोघं सावनेरच्या लग्नात होतो, एका गाडीत गेलो होतो, एका पंगतीत जेवलो होतो. चांगला खणखणीत आवाज लावला होता त्यानं. शाळेच्या मैदानावर पोरांना हाका मारून कमावलेला आवाज. टंकलेखकाचे हात मांडीवर होते. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"विचारलं तेवढंच सांगायचं असतं, काका," ते शांतपणे म्हणाले. "झालं तुमचं."

वकीलबाई उठल्या होत्या. त्यांनी फेरतपासणीची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारण्याची परवानगी मागितली. समोरच्या वकिलाचा कंटाळा एकाएकी पळाला. हे शपथपत्रात कुठंही नाही, हे मागाहून सुचलेलं आहे, असं तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं कागदावर तरी खरंच होतं. परवानगी मिळाली नाही. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर रोज कुणी ना कुणी असं मागाहून आठवणारं उभं राहत असेल. समोरच्या वकिलानं मात्र पेन उघडून फायलीच्या कोपऱ्यात काहीतरी टिपून घेतलं, आणि मागे पंचानं भासऱ्याच्या कानात तोंड घातलं. मामाच्या बोलण्याचा उपयोग झाला तो या तिघांनाच.

बाहेर ओसरीत वकीलबाई नाक पुसत उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मामाला समजावून सांगितलं की पंचाची साक्ष अजून व्हायची आहे. ही गोष्ट शपथपत्रात आली असती तर पुरावा म्हणून उभी राहिली असती. ते नाही, तर निदान, त्या म्हणाल्या, फक्त माझ्या कानात सांगितली असती, तर पंच कठड्यात उभा राहिल्यावर मी त्याला सहज विचारलं असतं की त्या दिवशी सावनेरला जेवण कसं होतं. तो बेसावध असता. आता तो तयारी करून येईल.

"हे मला काल सांगितलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पुकाऱ्याला निघून गेल्या.

दोन माणसं, आमच्या ओळखीची ना पाळखीची, दुसऱ्याच कुठल्या तारखेला आलेली, मामाजवळ आली आणि त्यातला एक म्हणाला, काका, मस्त बोलले तुमी. मामानं मान तुकवली. खरंच तुकवली. मी तिथून चालत जिन्यापर्यंत गेले, आणि त्या लाल भिंतीसमोर उभी राहिले, कारण त्या क्षणी ती मला कमी घाण वाटली.

पंच तयारी करूनच आला. त्यानं आपण होऊन सांगितलं की हो, सकाळी सावनेरला लग्नाला गेलो होतो, जेवण करून दुपारच्या बसनं परत आलो, वाटणी संध्याकाळी दिवेलागणीला झाली. बाईंनी त्याला पुष्कळ घोळवलं, पण तो हलला नाही. लग्नाच्या अल्बममध्ये पंगतीत बसलेला त्याचा फोटो सापडला, आणि त्याच्या डोक्यावर स्वच्छ दुपारचं ऊन होतं. तो फोटो आता त्याच्याच बाजूनं बोलत होता. रात्री वऱ्हाडाबरोबर तोही परतला हे सांगणारा एकटा मामा होता, वऱ्हाडातलं दुसरं कुणी साक्षीला यायला तयार नव्हतं, आणि मामाची साक्ष झालेली होती.

मधल्या काळात आमच्या नात्यात एक बारसं झालं. मामा खुर्ची ओढून मधोमध बसला आणि कोर्टातली हकिकत सांगू लागला. त्याच्या सांगण्यात कोर्ट भरगच्च होतं. तो थांबला तेव्हा सारे स्तब्ध झाले होते, पंचाला दरदरून घाम फुटला होता, न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं होतं. टंकलेखक यात नव्हताच. आणि किळस येण्याची गोष्ट ही, की ऐकणारे खरोखर गप्प होते. वाट्या हातात तशाच धरून बसलेले. एका बाईनं तर रडणाऱ्या बाळाला बाहेर न्यायला सांगितलं. त्याला हवी होती ती शांतता त्याला मिळाली. मामेबहीण आत भांडी आवरत होती आणि दार उघडं होतं.

निकाल भासऱ्याच्या बाजूनं लागला. एकट्या मामामुळे लागला असं मी म्हणणार नाही, पण निकालात मामाचं ते एक वाक्य होतं. वादीच्या वडिलांनीच वाटणीच्या वेळी आपण हजर नव्हतो असं सांगितलं आहे, म्हणून वाटणीबद्दल त्यांना काही सांगता येणार नाही, असं. ते वाचून कुणालाही वाटावं की वाटणी झाली खरी, हाच काय तो गैरहजर होता. अपील करता येईल, बाई म्हणाल्या. मामेबहिणीनं विचार करते म्हणून सांगितलं आणि बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात शिलाईच्या खात्यात नाव नोंदवलं. खोलीही तिकडेच भाड्यानं मिळाली. लेकीची शाळा सुटली.

मी अजून मुद्रितं तपासते. परवाच एक आलं. मुखपृष्ठावर तराजू आणि रक्ताचा थेंब, शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक म्हातारा साक्षीदार. पानं तपासून झाली की आता मी ती हातानं फाडून टाकते. रविवारी मामा येतो, जेवतो, रिकाम्या पिशवीची घडी करून जातो. काही मागत नाही, मीही काही देत नाही. मला त्याच्यावर दया करता यायला हवी असं माझी आई म्हणते. जन्मभर लोकांना पाणी दिलं आणि घंटा वाजवली, कधी कुणी दोन वाक्यं धड ऐकून घेतली नाहीत, त्याला एकदा वाटलं आपलं कुणी ऐकावं, तर वाटलं. आईचं खरं असेल. पण त्याला हे एकदाच वाटायचं होतं, तर दुसरी जागा का नाही सापडली, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

मी ते विचारलं नाही. विचारलं मामेबहिणीनं, सामान हलवण्याच्या दिवशी. टेम्पो गल्लीत उभा होता. शिवणयंत्र, कपाट, गाद्या चढवून झाल्या होत्या. भासऱ्याच्या घरची खिडकी बंद होती, आतून टीव्हीचा आवाज येत होता. मामा दोरी आवळत होता. तिनं लेकीला टेम्पोत चढवलं, आणि मग वळून बापाला, जणू काही दोरीबद्दलच विचारावं तशा आवाजात, विचारलं.

"तुमाले पहिल्याच दिवशी आठोलं होतं, तं मले काहून नाही सांगतलं, बाबा? माहे तं झोपायचे वांधे झाले होते."

मामाच्या हातातली दोरी तशीच राहिली. या वेळी तो कुणासाठी थांबला नव्हता.

"मले वाटलं, तू तिथं बसली राहशीन," तो शेवटी म्हणाला. "तुले दिसन, तुह्या बापानं काय केलं ते."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल, किंवा त्याच्या खांद्यावर हात ठेवेल, पण तिनं त्याच्या हातातून दोरीचं टोक घेतलं, स्वतः घट्ट गाठ मारली आणि पदराला हात पुसले.

"मले घर पाहिजे होतं, बाबा," ती म्हणाली, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.